मदत हवी आहे: मॅटीवरचा रंग पुसला तरी परत येतोय, गौरी तोंडावर आल्यात

टाकेवाली (सोमवार, रात्री १०:५०)
क्रॉस स्टिचचा, म्हणजे फुल्यांच्या टाक्याचा पडदा आहे, मॅटीवर (ते भोकाभोकांचं कापड), गौरी-शंकरोबाच्या मागे लावायचा. भरून झालाय, काठही झालाय. आता मधेमधे रंग दिसतोय. ओल्या फडक्यानं पुसलं की जातो, वाळलं की पुन्हा हजर. गौरी याच आठवड्यात. सासूबाईंनी अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलंय, झिम्मा-फुगडीला येणाऱ्या बायका आधी पडदाच बघणार. इकडे कोल्हापुरात पावसानं ठाण मांडलंय. उपाय सांगा, पण ज्यांनी स्वतः भरलंय त्यांनीच. "नवीन करा" असं कुणी लिहू नये.

आडवातिडवा (रात्री ११:०५)
लाल दोरा असणार. लाल जातोच. बादलीत गार पाणी, मूठभर मीठ, अर्धी वाटी व्हिनेगर, रात्रभर बुडवून ठेवा. आमच्या आईच्या सगळ्या इरकली अशाच टिकल्या.

ग्राफपेपर (रात्री ११:२०)
रात्रभर अजिबात ठेवू नका. दोऱ्याचा रंग पक्का व्हायचा तो रंगवतानाच होतो. घरी मीठ-व्हिनेगर घालून सुटणारा रंग थांबत नाही. उलट कापड त्याच रंगीत पाण्यात पडून राहिलं तर पांढऱ्याचं गुलाबी होईल. ताई, आधी एवढं सांगा: दोरा कुठला? कापड किती काउंटचं, म्हणजे इंचाला किती भोकं? पुसलंत साध्या पाण्यानं की साबणाच्या? आणि इस्त्री फिरवलीय का?

निवांत_निवृत्त (रात्री ११:४०)
मी स्वतः भरत नाही, त्यामुळे वरच्या अटीप्रमाणे मला बोलायचा हक्क नाही. पण सौ. भरतात आणि मी शेजारी बसून फुटबॉल बघतो, तेवढ्या अनुभवावर सांगतो. दिवा डावीकडून असावा, म्हणजे उजव्या हाताची सावली टाक्यावर पडत नाही. काळ्या मॅटीवर भरायचं असेल तर मांडीवर पांढरा टॉवेल टाकावा, भोकं स्वच्छ दिसतात. चाळिशीनंतर १८ काउंटच्या वाटेला जाऊ नये.

आडवातिडवा (रात्री ११:४५)
@ग्राफपेपर, मग आईच्या इरकली काय जादूनं टिकल्या?

ग्राफपेपर (रात्री ११:५२)
त्यांचा रंग मुळात पक्का असेल म्हणून टिकल्या. मीठ घातलं नसतं तरी टिकल्या असत्या.

टाकेवाली (मंगळवार, सकाळी ७:१०)
चौदाचं मॅटी, ऑफ व्हाइट. दोरा अँकर कंपनीचा, थोडा दुसरा. साधं पाणी. इस्त्री कशी करणार, रंग दिसतोय ना. दिव्याचा प्रश्नच नाही, काका. डबे भरायचेत, दुपारी बघते. तोवर कुणीतरी नेमकं सांगा.

बेळगावची_पोर (सकाळी ९:३०)
पुढच्या वेळी कसुती करा हो, कर्नाटकातलं भरतकाम. धागे मोजून टाका घालायचा, कापडावर आधी काही काढायचंच नाही. गवंतीचा टाका दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो आणि गाठ कुठेच मारत नाहीत. शिवाय आमच्या मेथीच्या टाक्यातही फुल्याच असतात, म्हणजे तुमचा हात बसलेलाच आहे. धारवाडकडच्या बायका हे इरकलीच्या पदरावर करतात, जिथे मॅटीसारखी सोयीची भोकंही नसतात. गोपुर, रथ, तुळशीवृंदावन, हत्ती, गौरीच्या पडद्याला याहून शोभणारं काय असणार?

मेथीदाणा (सकाळी ९:५५)
पुढच्या वेळचं पुढच्या वेळी. त्यांचा पडदा भरून झालाय.
टाकेवाली ताई, "थोडा दुसरा" म्हणजे कुठला आणि कुठे वापरलाय? आणि मुख्य म्हणजे रंग कुठला आलाय? लाल असं तुम्ही एकदाही लिहिलेलं नाही, ते आडवातिडवांनी ठरवलंय.

इचलकरंजीकर (सकाळी ११:१५)
कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीवर असा पडदा एका दिवसात निघतो. फुल्यासुद्धा येतात. डोळे आणि कंबर दोन्ही वाचतात.

मेथीदाणा (सकाळी ११:२०)
विरंगुळ्याचं काम एका दिवसात संपवून करायचं काय?

इचलकरंजीकर (सकाळी ११:३८)
विचारलं म्हणून सांगितलं. म्हणजे विचारलं नव्हतं, तरी सांगितलं. पण एक कामाचं लिहितो, धंदा कापडाचा आहे. कोऱ्या मॅटीला खळ असते, म्हणून ते असं ताठ उभं राहतं. ओल्या फडक्यानं वरून पुसलं तर पाणी आत मुरतच नाही, वरचा थर तेवढा भिजतो. कुठलाही रंग काढायचा तर कापड आधी पूर्ण भिजलं पाहिजे.

टाकेवाली (दुपारी २:०५)
निळा आहे. डाग नाहीत, रेषा आहेत. चौकटी पाडल्या होत्या ना मोजायला, सगळेच पाडतात. दुसरा दोरा म्हणजे काठाला, अँकरचा ४६ नंबरचा लाल संपला आणि पावसात बाहेर पडणं झालं नाही, म्हणून जवळच्या दुकानातून सुटी रेशमी लच्छी आणली, तोच लाल. पण लाल कुठेही लागलेला नाही. निळ्याचं बोला.

मेथीदाणा (दुपारी २:१२)
हे पहिल्याच पोस्टमध्ये आलं असतं तर आडवातिडवांचं व्हिनेगर वाचलं असतं.

आडवातिडवा (दुपारी २:२०)
व्हिनेगर निळ्यालाही चालतं.

पेठेतली_आक्का (दुपारी २:४५)
अगं, पेनच्या रेघा न्हवं? इस्त्री फिरव की, खटक्यात जातील. माझ्या सुनेचं पेन तसंच हाय. ब्लाउजवर खुणा करती, वरनं इस्त्री मारली की कापड कोरं. मी स्वतः बघतो रोज.

ग्राफपेपर (दुपारी २:४८)
थांबा! इस्त्री हातात घेऊ नका!
आक्का, तुमच्या सुनेचं पेन उष्णतेनं जाणारं. यांचं पाण्यानं जाणारं दिसतंय. दोन्ही पेनं दुकानात शेजारी शेजारी ठेवलेली असतात आणि दोन्ही निळी मिळतात, पण स्वभाव अगदी उलटा. पाण्याच्या पेनला उष्णता लागली की शाई कापडात कायमची बसते, कधी तपकिरी पडते. मग ती धुऊन जात नाही.
ताई, पेनवर काय लिहिलंय?

टाकेवाली (दुपारी ३:३०)
पेन म्हणजे पेन, निळं. नातीनं टोपण हरवलं, पेनही सापडत नाही. सोफ्याखाली असेल.

पेठेतली_आक्का (दुपारी ३:४०)
मग थांब बाई. मला ह्यातलं म्हाईत नव्हतं. सोफा वड की पुढं.

ग्राफपेपर (दुपारी ४:१५)
पेन नाही सापडलं तरी अंदाज बांधता येतो. ओलं फडकं लागल्यावर रेषा जातात, म्हणजे शाई पाण्यात विरघळते. वाळल्यावर परत येतात, कारण शाई कापडाबाहेर गेलेलीच नसते. फडक्याच्या पाण्यात विरघळून ती सुताच्या आत सरकते, आणि वाळताना पाणी जसं पृष्ठभागाकडे येतं तशी तीही वर येते. इचलकरंजीकर म्हणाले ती खळ या गोष्टीला हातभार लावते. पुसत राहिलात तर हा लपंडाव संपणार नाही. शाई बाहेर वाहून जायला हवी, म्हणजे पडदा अख्खा बुडवायचा.

पण तुमच्या काठाला तो सुटा लाल आहे. अँकर किंवा डीएमसी या कंपन्यांचा लाल सहसा पाण्यात टिकतो. "रेशमी" म्हणून मिळणारी चमकदार लच्छी बहुतेक वेळा रेयॉनची असते आणि तिच्या रंगाचा भरवसा नसतो. म्हणून आधी परीक्षा घ्या. पांढरा सुती कपडा ओला करून काठाच्या मागच्या बाजूला, जिथे दोरे संपवलेत तिथे, दोन-तीन मिनिटं दाबून धरा. गुलाबी उमटलं नाही तर निर्धास्त बुडवा.

मोठ्या टबात साधं गार पाणी घ्या, साबण नको. साबणानंही काही शाया बसतात. पडदा घडी न घालता सपाट ठेवा, हातानं हलकेच दाबा, पाणी निळसर दिसलं की बदला. पाणी स्वच्छ राहायला लागलं की बाहेर काढा. पिळायचं नाही. जाड टर्किश टॉवेलवर पसरा, टॉवेलसकट गुंडाळी करा आणि वरून दाबा. मग कोरड्या टॉवेलवर पंख्याखाली. पूर्ण खडखडीत वाळेपर्यंत इस्त्री नाही, कारण रेषा परत आल्यात का ते वाळल्यावरच कळतं.

निवांत_निवृत्त (दुपारी ४:४०)
आणि काठाची परीक्षा नापास झाली तर?

ग्राफपेपर (दुपारी ४:५२)
तर काठ उसवून मग बुडवायचा. साडेचार बोटांचा काठ असेल तर अवघड आहे, एकाच ओळीचा असेल तर एका संध्याकाळचं काम. ताई, काठ केवढा आणि पडदा केवढा?

टाकेवाली (संध्याकाळी ६:२०)
मोठाच आहे. ३९२ बाय २८० टाके. काठ दोन ओळींचा.

मेथीदाणा (संध्याकाळी ६:२८)
म्हणजे चौदानं भागलं की २८ बाय २० इंच. बालदीत सपाट राहणार नाही, बाळाचा टब काढा. पॅटर्न कुठला आहे? मिळेल का?

हौशी_वहिनी (संध्याकाळी ६:३५)
मलाही पॅटर्न हवाय.

नणंदबाई (संध्याकाळी ६:४१)
+१. पैसे देऊन घेईन.

बेळगावची_पोर (संध्याकाळी ७:००)
मी पुन्हा तेच म्हणेन. निळं पेन हवंच कशाला? धागे मोजा.

मेथीदाणा (संध्याकाळी ७:०८)
३९२ भोकं मोजताना दारावर कुरिअरवाला आला की पुन्हा पहिल्यापासून, हे तुम्हाला ठाऊक नाही का? पण पेनशिवाय चौकटी पाडता येतात, हे खरं. मी तंगूस वापरते, मासे पकडायच्या गळाची नायलॉनची. दर दहा भोकांवर एक कच्चा टाका घालायचा, ग्राफ पेपरच्या जाड रेषेसारखा. साध्या दोऱ्यानं केलं तर भरताना सुई त्याच्यातून आरपार जाते आणि मग काढताना फुली ओढली जाते. तंगूसमधून सुई जात नाही, शेवटी टोक धरून ओढली की सर्रकन निघते. लक्ष्मीपुरीत मासेमारीचं सामान मागायला गेले तेव्हा दुकानदारानं विचारलं, "रंकाळ्याला जाताय काय मॅडम?"

निवांत_निवृत्त (संध्याकाळी ७:३०)
हे सौ.ना वाचून दाखवलं. आमच्या घरात आता तंगूस येणार.

टाकेवाली (रात्री ९:४५)
पेन सापडलं, सोफ्याखालीच होतं. त्यावरचं सगळं पुसलंय. उरलेल्या मॅटीच्या तुकड्यावर दोन रेषा काढल्या. एकीवर इस्त्री फिरवली, तर ती तशीच राहिली आणि वर कडेनं पिवळट झाली, आता पाण्यानंही जात नाही. दुसरी वाटीतल्या पाण्यात बुडवली, गेली. वाळायला ठेवलाय तुकडा. काठाला ओला रुमाल दाबला, खालच्या डाव्या कोपऱ्यात किंचित गुलाबी आलं, बाकी तीन बाजूंना काही नाही.

ग्राफपेपर (रात्री १०:००)
मग तो कोपरा वेगळ्या लच्छीचा आहे किंवा तिथे दोरा जास्त जमलाय. तेवढाच उसवा. उसवताना कात्री टोकदार, फुलीचा वरचा पाय आधी कापायचा. उरलेल्या सुतांसाठी चिमटा घ्या, बोटांनी ओढलं की मॅटीची भोकं फाकतात.

आडवातिडवा (रात्री १०:०७)
गुलाबी आलं ना? मी पहिल्याच प्रतिसादात लाल म्हणालो होतो.

मेथीदाणा (रात्री १०:०९)
नमस्कार घ्या.

टाकेवाली (रात्री १०:३०)
हौशी वहिनी, नणंदबाई, पॅटर्न विकतचा नाही. ग्राफ पेपरवर मीच काढलाय. मधे अंबाबाईच्या देवळाची शिखरं, खाली कमळं, दोन्ही बाजूंना दीपमाळ. दर सणाला एक काढते. संक्रांतीला पतंग आणि हलव्याच्या वाट्या, पाडव्याला गुढी, दिवाळीत आकाशकंदील, डिसेंबरात नातीच्या शाळेसाठी चांदणी. त्या चांदणीला पहिल्यांदा जर घातली होती, दर चौथ्या टाक्याला तुटायची. नंतर कळलं की जरीचा दोरा वीतभरच घ्यायचा असतो. हा पॅटर्न हवा असेल तर गौरी गेल्यावर पानं स्कॅन करून टाकते, आधी नाही.

हौशी_वहिनी (रात्री १०:४५)
किती गोड! मग किरणोत्सव कधी करणार? ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात आणि पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर जातात. तीन छोट्या चौकटी शेजारी शेजारी! माझ्या डोक्यात किती वर्षं आहे, पण ग्राफ काढता येत नाही.

ग्राफपेपर (रात्री ११:०५)
कल्पना छान आहे. डीएमसीत ७४५, ७४४, ७४३ अशी पिवळ्याची चढती पायरी मिळते. गाभारा मात्र ३१० काळ्यानं भरू नका, सपाट दिसतो, गडद तपकिरी घ्या. किरणांच्या कडेला पूर्ण फुलीऐवजी अर्धा टाका, एकपदरी, म्हणजे उजेड विरळ होत गेल्यासारखा वाटतो.

पेठेतली_आक्का (बुधवार, सकाळी ६:३०)
पडद्याचं काय झालं ग?

टाकेवाली (सकाळी १०:१५)
कोपरा रात्रीच उसवला. पहाटे बुडवला. पहिलं पाणी चांगलंच निळं, मग फिकट, शेवटी स्वच्छ. आता पंख्याखाली आहे, कडा वाळल्यात, मधला भाग दमट आहे. कडेच्या रेषा आल्या नाहीत अजून. तुकड्यावरची पण आली नाही. उसवलेला कोपरा अँकरनंच भरणार, दुपारी मिस्टर महाद्वार रोडवरून ४६ आणणार आहेत. त्यांना चिठ्ठीवर नंबर लिहून दिलाय, नाहीतर केशरी घेऊन येतील.

ग्राफपेपर (सकाळी १०:३०)
संध्याकाळपर्यंत थांबा. मग उलटा करून, खाली टॉवेल घालून इस्त्री, म्हणजे फुल्या चपट्या होत नाहीत.

नणंदबाई (सकाळी १०:४०)
मॅटी ५४ इंच पन्ह्याचं महाद्वार रोडला मिळतं का? मिस्टर जातच आहेत तर विचारायला सांगाल का?

टाकेवाली (सकाळी १०:५५)
त्यांना एकच काम सांगितलंय, दुसरं सांगितलं तर पहिलं विसरतील.