भाच्यासाठी मिलिटरी ट्रेनचं मॉडेल किट न्यायचंय, कुठलं स्केल घेऊ?

घोरपडी_ते_स्टुटगार्ट

नमस्कार मंडळी. मी स्टुटगार्टला असतो, डिसेंबरच्या शेवटी तीन आठवडे पुण्याला येतोय. भाचा आठवीत आहे आणि दोन वर्षांपासून त्याला मॉडेल किटचं वेड लागलंय. आत्तापर्यंत दोन विमानं केलीत, स्पिटफायर आणि हॉक, दोन्ही १/७२ मध्ये (म्हणजे खऱ्याच्या ७२ व्या भागाएवढी), ते रंग-ब्रश-गोंद खोक्यातच येतात ना तसले स्टार्टर सेट. दिवाळीच्या सुट्टीत ताई-भावजी त्याला नगरचं रणगाड्यांचं म्युझियम दाखवायला घेऊन गेले होते आणि परत येताना दौंडला गाडी थांबली तर शेजारच्या लाइनीवर मिलिटरी स्पेशल उभी, सपाट वॅगनवर एकामागे एक रणगाडे, काहींवर ताडपत्री, शेवटी जवानांचे डबे. तेव्हापासून फोनवर दुसरा विषय नाही. "मामा मला तश्शी ट्रेन करायचीय, नाताळला तेच आण."

शनिवारी इथल्या दुकानात जाऊन आलो, नाताळमुळे नुसती झुंबड. रेल्वेचं जे काही आहे ते सगळं १/८७, रणगाडे १/७२ नाहीतर १/३५, दोन्हीचा मेळच बसेना. दुकानदाराने १/३५ चं एक दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन इंजिन दाखवलं, खोकाच एवढा की माझी अर्धी बॅग त्यातच भरेल. पण पोराला एवढं आवडलंय तर घ्यावं का तेच? की छोटं काहीतरी घेऊ? आपल्याकडच्या वॅगनचं किट कुठे मिळतं का? आणि रंग, गोंद इथून नेले तर चालतात का विमानात? ज्यांनी हे केलंय त्यांनी प्लीज सांगा, पुढच्या शनिवारी घ्यायचंच आहे.

मनमाडकर_६८

आधी शेवटचं सांगतो कारण त्यात लोक हमखास अडकतात. प्लॅस्टिक सिमेंट (किट जोडायचा गोंद), थिनर, इनॅमलचे रंग, स्प्रे कॅन यातलं काहीही बॅगेत टाकू नका, चेक-इनमध्येही नाही, ज्वलनशील माल आहे, काढून घेतात. रंग न् गोंद पुण्यात घ्या. तिथून किट आणा, बारीक ब्रश आणा, चांगला स्प्रू कटर, म्हणजे फ्रेममधून सुटे भाग कापायची पक्कड, आणा. कटर तर आणाच, पोरं नेलकटरने भाग तोडतात आणि अर्धं नाजूक काम तिथेच मोडतं.

आता स्केल. मेळ का बसत नाही ते सांगतो. १/८७ म्हणजे एचओ, त्याच्या रुळांमधलं अंतर १६.५ मिमी, युरोपातला १४३५ मिमीचा गेज ८७ ने भागला की तेवढंच येतं. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी. १/७२ मध्ये तो होतो २३.३ मिमी, १/३५ मध्ये जवळजवळ ४८. म्हणजे तुम्ही १/७२ चा रणगाडा एचओच्या रुळावर ठेवला तर तो रूळ खऱ्यात १.१९ मीटरचा झाला, आपल्या जुन्या मीटरगेजच्या जरा पुढे. भाच्याने दौंडला डोळ्यांनी बघितलंय, त्याला ते पहिल्या नजरेत खटकणार, कुठे चुकलंय हे सांगता आलं नाही तरी खटकणार.

माझं मत स्पष्ट आहे, १/७२ घ्या. आपल्या लष्कराचा टी-७२ म्हणजे अजेय, त्याचं टी-७२एम१ हे किट रेव्हेलचं १/७२ मध्ये आहे आणि फार सुरेख आहे. तोफेसकट १३ सेंटिमीटर, रुंदी ५. पोराचा हात १/७२ ला बसलेला आहेच. दोन घ्या. इंजिन विसरा.

कपाटावरचा_खोका

१/३५ चं इंजिन घेऊ नका, कळकळीने सांगते. माझा मुलगा बाराचा असताना त्याच्या बाबांनी बाहेरून येताना १/३५ ची जर्मन रेल्वे तोफ आणली होती, के-५. इटलीत अँझिओला १९४४ मध्ये दोस्तांच्या सैन्यावर डागायचे ना ती, २८३ मिमीची, लिओपोल्ड म्हणतात तिला. आणली तेव्हा घरात केवढा आनंद. जोडून झाली की ९० सेंटिमीटर लांब होणार होती! मुलाने पहिल्या रात्री सगळ्या फ्रेम्स जमिनीवर मांडल्या, दोन खोल्या भरल्या. एकेका बोगीला, म्हणजे खालच्या चाकांच्या गाड्याला, सहा-सहा आक्सल, प्रत्येकाचे स्प्रिंग, ब्रेक, सगळं सुटं. चार दिवस मन लावून बसला, एक बोगी झाली, ती जरा तिरकी बसली म्हणून चाकं टेकेनात, मग सोडवायला गेला तर मोडली. रडला नाही पण खोका बंद केला आणि नंतर जवळजवळ दोन वर्षं त्याने कुठल्याच किटला हात लावला नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं होतं, अजून वाटतं. किट उत्तम होतं, फक्त त्या वयाच्या मुलाला एकट्याने पेलण्यासारखं नव्हतं.

सुट्टीत सुरू करून सुट्टीत संपेल असंच द्या. संपलेलं मॉडेल शाळेत नेऊन दाखवण्यात मुलांना जे मिळतं ते अर्धवट मोठ्या मॉडेलमध्ये नाही मिळत.

वॉरवेल

दोन पर्याय अजून आहेत, दोन्ही लोकांच्या लक्षात येत नाहीत.

एक म्हणजे ब्रिटिश ओओ स्केल. ते १/७६ आहे आणि एअरफिक्सचे जुने रणगाडेसुद्धा १/७६ च, त्यामुळे तिथे रणगाडा आणि वॅगन एकाच मापात मिळतात. ऑक्सफर्ड रेलची वॉरवेल नावाची तयार वॅगन येते. महायुद्धात शर्मन रणगाडे न्यायला बनवलेली ही वॅगन, ब्रिटनमधले बोगदे आणि पूल बुटके म्हणून मधला भाग खाली दबलेला. त्यावर शर्मन चढवला की एका संध्याकाळी मिलिटरी वॅगन तयार. मी स्वतः अशा सहा केल्यात, नावही त्यावरूनच घेतलंय.

दुसरं, १/३५ च हवं असेल तर हॉबीबॉसची सोव्हिएत एमबीव्ही-२. ही स्वतःच्या इंजिनावर चालणारी चिलखती रेल्वेगाडी, वर टी-२८ रणगाड्याचे तोफेचे तीन बुरुज. म्हणजे एकाच किटमध्ये अख्खी ट्रेन, मागे-पुढे काही जोडायला नको. पण ती नंतर कधीतरी, दहावीच्या सुट्टीत वगैरे.

एक नक्की, मिलिटरी ट्रेनमध्ये खरी मजा रुंदीची आहे. जर्मनांचा टायगर एवढा रुंद की रेल्वेने न्यायचा तर त्याच्या चाकांवरच्या ७२५ मिमीच्या लढाईच्या चेन काढून ५२० मिमीच्या अरुंद चेन चढवायला लागायच्या, आणि मुक्कामाला पोचलं की परत उलटं. हे पोराला सांगा, त्याला आवडेल.

घोरपडी_ते_स्टुटगार्ट

खूप आभार सगळ्यांचे, कपाटावरचा_खोका ताई तुमचं वाचून ते इंजिन डोक्यातून काढलंच. वॉरवेल छान आहे पण त्याला शर्मन नकोय हो, त्याला दौंडचीच गाडी हवीय, काल परत विचारलं तर म्हणाला "आपले टी-७२च हवेत." म्हणजे १/७२ ची दोन किटं पक्की. पण वॅगनचं काय करायचं? आणि रूळ?

मनमाडकर_६८

वॅगन घरी करायची. घाबरू नका, सपाट वॅगन हे घरी करायला सगळ्यात सोपं वाहन आहे, एक पाट, खाली दोन बोगी, दोन टोकांना कपलिंग. मी तीन केल्यात, जसं केलं तसं लिहितो.

आधी रणगाडा जोडायचा, वॅगन नंतर, म्हणजे पाट केवढा लागतो ते त्याला प्रत्यक्ष ठेवून बघता येईल. वॅगन साधारण १४ मीटर धरली तर १/७२ मध्ये साडेएकोणीस सेंटिमीटर. दोन वॅगन आणि मधलं कपलिंग, अर्ध्या मीटरच्या फळीवर सगळं बसतं. पाटाला १ मिमीची प्लॅस्टिक शीट दोन थर, वरती सुईने फळ्यांच्या रेघा ओढायच्या, कडेला पट्ट्या.

चाकांसाठी एक युक्ती. ओओ स्केलच्या प्रवासी डब्यांची चाकं १४ मिमी व्यासाची असतात. आपल्या वॅगनचं चाक एक मीटरचं, ७२ ने भागलं की १३.९. बरोब्बर! तुम्ही तिथून त्यांची दोन पाकिटं मागवा. फक्त त्यांचा आक्सल १६.५ मिमीच्या रुळाचा आहे, तो मधे कापून पितळी नळीत दोन्ही तुकडे घालून लांब करायचा, २३.३ च्या रुळावर बसेल एवढा. गाडी चालवायची नाहीये त्यामुळे सुपरग्लूने पक्कं केलं तरी चालतं.

स्लीपर (रुळांखालच्या आडव्या पट्ट्या) आता सिमेंटचे, लांबी २.७५ मीटर म्हणजे आपल्याला ३८ मिमी, एकमेकांपासून साधारण ८ मिमीवर. आइस्क्रीमच्या काड्या कापून, फिकट राखाडी रंगवून झकास होतात. खडी म्हणून मी माठाखालची रेती चाळून वापरली, पातळ केलेल्या फेव्हिकॉलवर.

आणि मुख्य गोष्ट आता सांगतो, नुसता रणगाडा पाटावर ठेवला तर ते खेळण्यातलं दिसतं. मिलिटरी ट्रेन दिसते ती बांधणीने. चाकांच्या पुढे-मागे लाकडी पाचरी, आणि चारी कोपऱ्यांतून तिरके ताणलेले दोर. जुन्या चार्जरची वायर सोला, आतल्या तांब्याच्या केसासारख्या दोन तारा घ्या, एक टोक खिळ्याला बांधून दुसरं हँडड्रिलमध्ये धरून हळूहळू पीळ द्या. बरोब्बर वायर-रोप दिसतो. मग जळक्या तपकिरी रंगाचा एक पातळ हात. तो दोर सैल पडू द्यायचा नाही, सैल दोराने सगळा रणगाडा हलका वाटतो. ४१ टनांचं धूड आहे ते, ताण दिसलाच पाहिजे. मी पहिल्या वॅगनचे दोर तीनदा काढून परत लावले होते.

कपाटावरचा_खोका

वा, हे मलाच करावंसं वाटायला लागलं! एकच सांगायचं होतं. माहिती हवी म्हणून मुलाला स्टेशनवर मिलिटरी स्पेशलचे फोटो काढायला पाठवू नका कोणी, ते योग्य नाही आणि उगाच अडचणीत यायचं. म्युझियममध्ये रणगाडे जवळून बघायला मिळतातच. आणि रुळ-सिग्नल-यार्ड छोट्या मापात कसं मांडतात ते बघायला कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम आहे ना, एक दुपार तिथे न्या दोघांनी मिळून. माझा मुलगा दोन वर्षांनी परत किटकडे वळला तो तिथून आल्यावरच.

रंगारी

रंगाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. पुण्यात पाण्याचे ॲक्रिलिक घ्या, वासही नाही आणि ब्रश नळाखाली धुता येतो. आपल्या टी-७२ वर हिरव्यावर वाळूच्या रंगाचे पट्टे असतात, दोन्ही रंगांत चिमूटभर पांढरा मिसळा, नाहीतर एवढ्या छोट्या मापात फार गडद दिसतात. रणगाड्याची चाकं फ्रेमवर असतानाच रंगवा, रबराचा काळा कडा नंतर करायला गेलं की हात थरथरतो. त्या किटची चेन तुकड्या-तुकड्यांची आहे, सरळ भाग सलग आणि वळणावर सुटे दुवे, ते काम मामाने शेजारी बसून करावं. वॅगनला हार्डवेअरच्या दुकानातला रेड ऑक्साइड उत्तम, त्यावर तपकिरी खडूची पूड बोटाने चोळायची.

घोरपडी_ते_स्टुटगार्ट

घेतली! टी-७२ ची दोन किटं, कटर, दोन ब्रश, आणि १४ मिमीच्या चाकांची पाकिटं ऑनलाइन मागवली, मंगळवारी येतील. ताईला सांगून जुने चार्जर टाकून देऊ नको म्हटलंय, कशाला ते नाही सांगितलं. मनमाडकर काका, पाचरी किती मिमीच्या केल्या होत्यात तुम्ही?

मनमाडकर_६८

४ मिमी उंच, ६ लांब. कुल्फीची काडी तिरकी कापा, एका काडीत आठ निघतात. दोर लावायच्या आधी चिकटवा, नंतर बोट आत जात नाही.