विषय: शुक्रवारचं कवितावाचन ठेवायचं की नाही?

कार्यकारिणी सचिव:
नमस्कार मंडळी,
पुढच्या महिन्यात कवी आणि त्यांचे संगीतकार मित्र आपल्याकडे येत आहेत. शुक्रवारी वाचनालयात कवितावाचन, शनिवारी शाळेच्या सभागृहात पेटी-तबल्यासह गाणी. शुक्रवारी ऑफिस सुटून पोचणं जमणार नाही, असं बऱ्याच जणांनी कळवलंय. वाचन रद्द करून शनिवारीच चार कविता घ्याव्यात का? रविवारपर्यंत कळवा.

मराठी शाळेच्या काकू:
वाचन रद्द करू नका, ही कळकळीची विनंती.

विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर गावोगाव कविता वाचत फिरले. सोबत पेटी नाही, तबला नाही, तरी लोक गर्दी करायचे. पुढे २००३ पासून संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांनी कविता आणि गाणं एकाच रंगमंचावर आणलं, तेही मला फार आवडतं. म्हणूनच शनिवार हवाच. पण शुक्रवारचं काम शनिवार करणार नाही.

चाल लागली की कवितेची सगळी कडवी गाण्यात येतातच असं नाही. जुन्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मिळायची. धृपद आणि दोन-तीन अंतरे झाले की जागा संपली. उरलेली कडवी पुस्तकातच राहायची. ती कवीच्या तोंडून ऐकायची, तो कुठे थांबतो, कुठल्या शब्दावर आवाज खाली आणतो, हे बघायचं, यासाठी वाचन हवं. माझ्या वर्गातली मुलं घरी मराठी बोलतात, पण वाचताना जोडाक्षरावर अडखळतात. त्यांना एक ओळ सावकाश, वाद्यांशिवाय ऐकू दे.

आणि वडे-चहा वाचन संपल्यावरच. मागच्या कार्यक्रमात ऐन कवितेत ताटल्या वाजत होत्या, फार वाईट वाटलं.

तबल्यावरचा सभासद:
काकू, अगदी मनातलं बोललात. मी लेकीला घेऊन येतो. स्टेशनवरून कुणाला आणायचं असेल तर गाडीच्या दोन फेऱ्या मारीन.
सचिवसाहेब, शनिवारसाठी गायकांची पट्टी विचारून ठेवाल का? पेटीची काळी एक की पांढरी चार, म्हणजे कुठल्या स्वरात गाणार, ते कळलं की त्या स्वराचा तबला आणतो. आयत्या वेळी ठोकाठोक नको.

कार्यकारिणी सचिव:
ठीक, वाचन होणार. सहाऐवजी साडेसातला सुरू करू, म्हणजे ऑफिसवाले पोचतील. खुर्च्या अर्धगोलात मांडू, खोली लहान आहे, माइक लागणार नाही. पट्टी आजच विचारतो. काकू, मुलांना आधी वाचून दाखवायला कवींकडून दोन-तीन कविता मागवू का?

मराठी शाळेच्या काकू:
मागव रे. अक्षर जरा मोठं असू दे.