एमपीथ्री प्लेअर घरात आणि गाडीत : अनुभव धागा

नमस्कार. फोनवर हवे ते गाणे क्षणात मिळू लागल्यापासून गाण्यांसाठी वेगळे यंत्र बाळगणारी माणसे कमी झाली, पण नाहीशी झालेली नाहीत. ऑक्टोबर २००१ मध्ये पाच जीबीचा पहिला आयपॉड जाहीर झाला आणि मे २०२२ मध्ये त्या मालिकेतले शेवटचे यंत्रही बंद करत असल्याचे कंपनीने सांगितले. तरीही अनेक घरांत जुने आयपॉड, साधे एमपीथ्री प्लेअर, मेमरी कार्डावर चालणारे नवे प्लेअर आणि गाडीच्या स्टिरिओत कायमचा बसलेला पेनड्राइव्ह आजही रोजच्या वापरात आहेत. स्वतः निवडून जमवलेली, स्वतःच्या क्रमाने लावलेली गाणी आणि ती ऐकवण्याखेरीज दुसरे काहीही न करणारे यंत्र, ही जोडी मला फार मोलाची वाटते. अडचण येते ती एकच संग्रह घरात आणि गाडीत दोन्हीकडे नीट वाजवताना. आपण कोणते यंत्र वापरता, ते कसे जोडता, आवाजाच्या कोणत्या तक्रारी आल्या आणि त्यांवर काय उपाय सापडला, हे सविस्तर लिहावे अशी विनंती आहे. सुरुवात मीच करतो.

पुणे, धागाकर्ता

माझ्याकडे १६० जीबीचा आयपॉड क्लासिक आहे. हे मॉडेल २०१४ च्या सप्टेंबरात बंद झाले. घरी तो मी जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडतो आणि त्यासाठी इअरफोनचा जॅक वापरत नाही. खालच्या रुंद, तीस पिनांच्या खाचेतून 'लाइन आउट' मिळतो. हा ध्वनी इअरफोनसाठीच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून न जाता थेट बाहेर येत असल्यामुळे डग्ग्याचा घुमारा आणि तानपुऱ्याची जवार दोन्ही स्वच्छ ऐकू येतात. गाडीत मात्र साडेतीन मिलिमीटरची साधी ऑक्स वायर (बाहेरच्या यंत्राचा ध्वनी स्टिरिओत आणणारी) इअरफोनच्या जॅकमध्येच लावतो. तिथे यंत्राचा आवाज सुमारे ऐंशी टक्क्यांवर कायम ठेवावा आणि कमीजास्त काय करायचे ते स्टिरिओवर करावे. यंत्राचा आवाज बारीक ठेवून स्टिरिओ मोठा केला, तर गाण्याबरोबर वायरमधली खरखरही तितकीच मोठी होते.

दुसरी तक्रार शिट्टीची. ऑक्स वायर लावलेली असताना आयपॉड गाडीच्याच सॉकेटवर चार्जिंगला लावला, की एक बारीक शिट्टी सुरू होते आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तिचा सूर चढत जातो. चार्जरची वायर आणि ऑक्सची वायर अशा दोन वाटांनी यंत्र गाडीच्या अर्थिंगला जोडले जाते आणि त्या वेटोळ्यातून अल्टरनेटरचा (इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राचा) गोंगाट स्टिरिओत शिरतो, हे त्याचे कारण आहे. चार्जर काढला की शिट्टी जागच्या जागी थांबते, ही त्याची साधी परीक्षा. 'ग्राउंड लूप आयसोलेटर' नावाची काडेपेटीएवढी डबी ऑक्सच्या वायरीत मध्येच बसवता येते. तिच्यातल्या लहान ट्रान्सफॉर्मरांमुळे ध्वनी पुढे जातो, पण तारांची थेट जोडणी तुटते. माझ्या गाडीत ही डबी लावल्यापासून चार्जिंग आणि गाणी दोन्ही एकत्र चालतात.

सांगली, गृहिणी

आमच्या घरी आईसाठी सारेगामाचा कारवाँ घेतला. हा संच २०१७ मध्ये बाजारात आला आणि त्यात पाच हजार गाणी आधीच भरलेली असतात. आईच्या दृष्टीने त्यातली सर्वांत मोठी सोय म्हणजे फिरवायचे बटण. पडद्याला स्पर्श करायचा नाही, पासवर्ड नाही, इंटरनेट नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यांवर हिरवी पट्टी असतानाही ती हाताने चाचपून हवे ते लावत असे, हे मी पाहिले आहे आणि म्हणूनच घरात वयस्कर माणूस असेल तर मी हेच यंत्र सुचवते. त्याला पेनड्राइव्ह लावायची सोय आहे. तिच्या भजनी मंडळाची ध्वनिमुद्रणे आम्ही एका पेनड्राइव्हवर भरली. नरसोबाच्या वाडीला निघालो की तोच पेनड्राइव्ह काढून गाडीच्या स्टिरिओला लावतो, त्यामुळे घरातली आणि गाडीतली भजने एकच राहतात. फक्त एक शंका आहे. गाडीत भजनांचा क्रम उलटसुलट होतो आणि काकडआरतीच्या आधी पसायदान लागते. असे का होत असावे?

छत्रपती संभाजीनगर, संगणक शिक्षक

सांगलीच्या ताईंच्या शंकेचे उत्तर देतो, कारण हा प्रश्न मला अनेक पालकांनी विचारला आहे. बहुतेक कार स्टिरिओ फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह वाचतात आणि त्यांतले बरेच स्टिरिओ फाइलींची नावे पाहत नाहीत. ज्या क्रमाने फाइली पेनड्राइव्हच्या यादीत नोंदल्या गेल्या, त्याच क्रमाने ते त्या वाजवतात. एकदम सगळ्या फाइली निवडून ओढल्या, तर संगणक त्या कोणत्याही क्रमाने उतरवू शकतो. म्हणून पेनड्राइव्ह आधी पूर्ण रिकामा करून पुन्हा फॉरमॅट करावा आणि मग फाइली हव्या त्या क्रमाने एकेक उतरवाव्यात, किंवा फॅट यादी क्रमवार लावणारा एखादा मोफत प्रोग्राम वापरावा. जे स्टिरिओ नावे पाहतात त्यांच्यासाठी प्रत्येक नावाच्या आधी दोन अंकी क्रमांक द्यावा. नुसता १ लिहिला तर काही स्टिरिओ १ नंतर १०, ११ आणि मग २ वाजवतात. ०१, ०२ असे लिहिले की ही गफलत होत नाही.

क्रमाचे महत्त्व गीतरामायणाइतके दुसरीकडे क्वचितच जाणवते. पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये आठवड्याला एक अशी प्रसारित झालेली ही ५६ गीते म्हणजे एक सलग कथा आहे. त्यांत 'शफल', म्हणजे गाणी मिसळून वाजवण्याची सोय, चालू राहिले तर वनवास आधी आणि रामजन्म नंतर येतो. अशा संग्रहासाठी वेगळा फोल्डर करावा आणि त्या फोल्डरपुरते शफल बंद असल्याची खात्री करावी. आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. देवनागरीतली नावे अनेक स्टिरिओंच्या पडद्यावर चौकोन किंवा प्रश्नचिन्हे होऊन दिसतात, त्यामुळे गाडीसाठीच्या प्रतीत नावे रोमन लिपीत ठेवणे सोयीचे. आणि ३२ जीबीपेक्षा मोठे पेनड्राइव्ह बहुधा वेगळ्या पद्धतीने फॉरमॅट केलेले येतात. ते जुन्या स्टिरिओला वाचताच येत नाहीत, म्हणून गाडीसाठी ३२ जीबीचाच घ्यावा.

नाशिक, निवृत्त बँक कर्मचारी

माझ्या प्लेअरमध्ये विकत घेतलेले संगीत थोडे आणि वडिलांनी कॅसेटवर टेप केलेली कीर्तने अधिक आहेत. बाजारात न मिळणारा ठेवा वाचवायचा असेल तर उशीर करू नये, एवढ्यासाठी मुद्दाम लिहितो. कॅसेट प्लेअरच्या हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, साचलेला तपकिरी थर आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसावा. त्यानंतर हेडशेजारी एक छोटा स्क्रू असतो, तो कॅसेट चालू असतानाच बारीक स्क्रूड्रायव्हरने अगदी किंचित फिरवावा. आवाज दबलेला असेल तर एका विशिष्ट जागी टाळांचा किणकिणाट एकाएकी मोकळा होतो. तिथेच थांबावे. ज्या यंत्रावर मूळ ध्वनिमुद्रण झाले त्याच्या हेडचा कोन थोडा वेगळा असतो आणि तो जुळला की वरचे सूर परत मिळतात.

संगणकावर ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्राम पुरेसा आहे. आवाजाची पातळी तांबड्या रेषेला टेकू देऊ नये, कारण डिजिटल ध्वनिमुद्रणात एकदा फाटलेला आवाज पुन्हा सांधता येत नाही. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू म्हणजे ४५ मिनिटे. ती सीडीच्या दर्जाने ठेवली तर मिनिटाला सुमारे दहा एमबी जागा घेते, तर १९२ केबीपीएसच्या एमपीथ्रीत मिनिटाला दीड एमबीहूनही कमी. मूळ प्रत पहिल्या पद्धतीने दोन ठिकाणी जपून ठेवावी आणि प्लेअरसाठी दुसरी करावी. आता घरी संध्याकाळी दिवेलागणीला आणि त्र्यंबकेश्वरच्या वाटेवर गाडीत, वडिलांच्या आवडीचे पूर्वरंग-उत्तररंग नातवंडेही ऐकतात. त्यातल्या आख्यानांवर ती मला प्रश्न विचारतात, याचा आनंद मोठा आहे.

अकोला, औषधविक्रेता

एवढेच सांगायचे आहे की बॅटरीचे कोणतेही यंत्र उन्हाळ्यात गाडीत ठेवू नका. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो आणि उन्हात उभ्या बंद गाडीत तो ६० च्याही वर जातो. लिथियम बॅटरी इतकी उष्णता सोसत नाही. माझ्या प्लेअरची पाठ बॅटरी फुगल्यामुळे उचलली गेली होती. असे दिसले तर यंत्र चार्जिंगला लावू नये, दाबूही नये. गाडीत पेनड्राइव्ह ठेवावा. त्याला बॅटरीच नसते.

मुंबई, संगीताच्या अभ्यासक

मी मेमरी कार्डावर चालणारा प्लेअर वापरते आणि माझा सारा संग्रह शास्त्रीय संगीताचा आहे. सीडीवर विलंबित आणि द्रुत ख्याल हे अनेकदा दोन ट्रॅक म्हणून दिलेले असतात, पण गायनात मध्ये खंड नसतो. तबला लय बदलून पुढे निघालेला असतो आणि नेमक्या त्या जागी प्लेअर क्षणभर मुका झाला, तर सम हातातून निसटल्यासारखे होते. एमपीथ्री तयार होताना फाइलीच्या सुरुवातीला आणि शेवटी किंचित शांतता जोडली जाते आणि ती वगळण्याची सोय प्रत्येक यंत्रात नसते. फ्लॅक या पद्धतीत अशी भर पडत नाही, शिवाय ध्वनीतले काही गाळलेही जात नाही आणि सीडीच्या मानाने साधारण निम्मी जागा लागते. म्हणून प्लेअर घेताना 'गॅपलेस' वाजवतो की नाही, हे दुकानातच दोन सलग ट्रॅक लावून तपासावे. काही जुन्या यंत्रांवर रॉकबॉक्स ही मुक्त प्रणाली चढवता येते. ती गॅपलेसही वाजवते आणि जिथे थांबलो ती जागा खूण म्हणून लक्षात ठेवते. दादरहून ठाण्याला जाताना अर्धा राहिलेला ख्याल मी घरी त्याच आलापापासून पुढे ऐकते. ही एक सोय मला ध्वनीच्या दर्जाइतकीच महत्त्वाची वाटते.

मडगाव, बांधकाम व्यावसायिक

माझ्या जुन्या गाडीत ऑक्सही नाही आणि यूएसबीही नाही. लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा एफएम ट्रान्समीटर वापरतो. प्लेअर त्याला जोडला की तो एका रिकाम्या फ्रिक्वेन्सीवर गाणे सोडतो आणि गाडीचा रेडिओ ते पकडतो. गोव्यात रेडिओ केंद्रे मोजकी असल्यामुळे रिकामी जागा सहज मिळते. पुण्या-मुंबईकडे आलो की दुसऱ्या केंद्राचा आवाज मध्येच घुसतो आणि फ्रिक्वेन्सी बदलावी लागते. ध्वनी ऑक्सइतका स्वच्छ नाही, हे खरेच. पण बेळगावला जाताना चोर्ला घाटात फोनचे नेटवर्क जाते, तेव्हा सोबतच्या गाड्यांतली फोनवरची गाणी अडकतात आणि माझे नाट्यसंगीत चालू राहते.

धागाकर्ता

उत्तम माहिती मिळते आहे. नव्या गाड्यांत ऑक्सची जागाच दिसेनाशी झाली आहे. फक्त ब्लूटूथ असलेल्या गाडीत कोणी वेगळा प्लेअर वापरत असल्यास अवश्य लिहावे.

डोंबिवली, शिक्षिका

मी त्यासाठी सिमकार्ड काढलेला जुना फोन ठेवला आहे. तो कायम फ्लाइट मोडवर असतो, फक्त ब्लूटूथ चालू. त्यात गाणी आणि एक साधे प्लेअर अ‍ॅप यांखेरीज काहीही ठेवलेले नाही, त्यामुळे गाण्याच्या मध्ये फोन वाजत नाही की संदेशाची टिंग येत नाही. माझ्या मते तो पूर्ण अर्थाने म्युझिक प्लेअरच झाला आहे. ब्लूटूथवर फोनचा आवाज पूर्ण ठेवून स्टिरिओवर कमीजास्त करावा. घरी हाच फोन बैठकीतल्या ब्लूटूथ स्पीकरला जोडला जातो. मात्र घरून निघताना स्पीकर बंद करावा लागतो, नाहीतर तळमजल्यावरच्या गाडीऐवजी फोन वरच्या स्पीकरलाच धरून राहतो. अकोल्याच्या दादांनी सांगितलेले उन्हाचे पथ्य आम्हीही पाळतो. गाडी उभी केली की फोन पर्समध्ये येतो. गाण्यांच्या याद्या घरीच करून ठेवते आणि गाडी सुरू करण्यापूर्वीच यादी लावते, म्हणजे चालवताना पडद्याकडे पाहावे लागत नाही. पुढचे-मागचे गाणे स्टिअरिंगवरच्या बटणांनी बदलता येते.