प्रति: लोकप्रशासनात एम.ए. करून पुढे काय?

वर एकांनी लिहिलंय की लोकप्रशासन घेतलं की एकतर अधिकारी, नाहीतर घरी. पहिल्या वाटेबद्दल ते बरोबर आहेत. यूपीएससी मुख्य परीक्षेत वैकल्पिक विषयाचे १७५० पैकी ५०० गुण आहेत आणि २०२५ पासून एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षाही वर्णनात्मक झाली आहे, तिथेही वैकल्पिक विषय असतो. म्हणून मुलं हा विषय घेतात. पण जागा मोजक्या, उमेदवार लाखो. चार-पाच वर्षं पुण्यात अभ्यासिकेत काढल्यावर दुसरी वाट शोधणं फार जड जातं, म्हणून ती आधीच बघून ठेवा.

माझ्या मते खरं काम स्थानिक स्वराज्य संस्थांभोवती आहे. केंद्रीय वित्त आयोगाच्या निधीतला बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच राखलेला, भाग पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करावा लागतो, ग्रामपंचायतीचा विकास आराखडा केंद्र सरकारच्या ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढवावा लागतो. आराखड्यात नसलेल्या कामाचं बिल काढलं की लेखापरीक्षणात आक्षेप आलाच. नमुना ९, म्हणजे ग्रामपंचायतीची कर मागणी नोंदवही, वाचून घरपट्टीची थकबाकी कुठे अडकली हे सांगू शकणारा माणूस सामाजिक संस्थांना आणि सल्लागार कंपन्यांना हवा असतो. बहुतेक पदं कंत्राटी असतात, पगारही बेताचा, हे लपवण्यात अर्थ नाही. पण अनुभव पक्का मिळतो.

राज्य सरकार तरुणांना प्रशासनात काम करायला घेतं त्या मुख्यमंत्री फेलोशिपची जाहिरातही बघत राहा. आणि प्रबंधासाठी आपल्याच तालुक्यातली एखादी नगरपरिषद घ्या, तिचा अर्थसंकल्प ओळ न् ओळ वाचा. मुलाखतीत त्यावर बोलता येतं.