मालिकांमधलं प्रेम आणि मालिकांमधली मैत्री : तुमच्या आठवणी येऊ द्या

खिडकीवेल :
रविवारी भाची आली होती. जेवण झाल्यावर फोन घेऊन कोपऱ्यात बसली आणि एकटीच खिदळायला लागली. डोकावले तर 'दिल दोस्ती दुनियादारी'! २०१५ मध्ये झी मराठीवर लागायची तेव्हा ही पाळण्यातून नुकती उतरलेली. म्हटलं, तुला यात काय गंमत वाटते गं? तर म्हणे, "मावशी, यात कुणी कुणाकडे टक लावून बघत बसत नाही. नुसते भांडतात आणि खातात."

मी तेव्हा ठाण्यात पेइंग गेस्ट होते. रात्री साडेदहाला घरमालकीणकाकू टीव्ही लावायच्या, आम्ही पोरी खाली चटईवर. सुजय, आशू, कैवल्य, रेश्मा, अ‍ॅना, मीनल, सहाजण एका घरात, त्या घराचं नाव माजघर. आणि काकूंचा रोजचा प्रश्न, "पण यातलं कोण कुणाशी लग्न करणार?" आम्ही सांगायचो, काकू, ते मित्र आहेत. "असू देत गं मित्र. पण लग्न कुणाशी?"

त्याच काळात ऑफिसमधला एकजण आणि मी रोज एकाच लोकलने घरी यायचो. प्लॅटफॉर्मवर वडापाव अर्धा अर्धा. बाकी काही नाही, शपथ. पण त्याच्या आईने एकदा फोन घेऊन मला विचारलं की तुला काष्टीचं नऊवारी नेसता येतं का :))

मुद्दा असा, की मालिकेत प्रेम आलं की आपल्याला आधीच कळवलं जातं. बंद खोलीत वारा सुटतो, केस उडतात, बासरी वाजते. मैत्रीसाठी कुणी बासरी वाजवत नाही. ती दुसऱ्याच्या ताटातली भजी न विचारता उचलण्यातून कळते. तर तुम्हाला कुठल्या मालिकेतलं प्रेम पटलं, कुठली मैत्री पटली, आणि त्या वेळी तुमचं काय चाललं होतं ते लिहा. हिंदी, इंग्रजी, काहीही चालेल.

रव्याचा लाडू :
माजघर!!! भाचीला सांग पुढे आहेत प्रेमाच्या भानगडी, रेश्माच्या नवऱ्याचंच प्रकरण केवढं ताणलंय. पण तुझ्या काकूंना मानलं. रेश्मा झालेली सखी गोखले आणि सुजय झालेला सुव्रत जोशी यांनी २०१९ मध्ये खरंच लग्न केलं की! काकूंचा अंदाज मालिकेबाहेर खरा ठरला.

खिडकीवेल :
हो ना. काकूंना फोन करून सांगितलं होतं. "मी म्हटलंच होतं" एवढं बोलून फोन ठेवला.

सातारी कंदी :
आमच्याकडं 'लागिरं झालं जी' म्हंजे विषयच न्हाई. २०१७ ला सुरू झाली तवा मी भरतीची तयारी करत हुतो. पहाटं पळायचं, संध्याकाळी फौजेत जायला निघालेला अज्या बघायचा. लोक शीतलीसाठी बघायचे, मी राहुल्या आन् विक्यासाठी. अज्याचं प्रेम म्हंजे तेच, ती रुसली, ह्यो मनवायला गेला, मागं गाणं. पर दोस्त कट्ट्यावर बसून एकमेकाची जी इज्जत काढायचे ना, ते आमच्या पारावरचंच हुतं. आमच्यातला एक फौजेत गेला. मी उंचीत गेलो (म्हंजे उंचीमुळं बाद झालो). त्यो सुट्टीवर आला की अजून मला अज्या म्हनून हाक मारतो, मुद्दाम. आन् लोकं म्हनतात पोरांना भावना दाखवता येत न्हाईत.

मोगरा_ठाणे :
@सातारी, कंदी पेढे कुठले चांगले? सासूबाईंना न्यायचे आहेत.

सातारी कंदी :
ताई तुमच्या विपूत (निरोपाच्या पानावर) सांगतो, हितं लिवलं तर भांडणं हुतील.

निळी छत्री :
माझं मत वेगळं आहे. मैत्री आणि प्रेम असे दोन डबे कशाला? 'जुळून येती रेशीमगाठी' आठवा. मेघनाचं लग्न ठरवून होतं, तिचं मन दुसऱ्या आदित्यमध्ये. आणि नवरा आदित्य देसाई काय करतो, तर तिचा मित्र होतो. त्या दुसऱ्याला शोधायला मदत करतो! मला ते तेव्हा फार खोटं वाटायचं. कुठला नवरा करेल? पण माझं स्वतःचं लग्न २०१४ मध्ये असंच बघून-दाखवून झालं. पहिले काही महिने आम्ही दोघं एकमेकांशी पाहुण्यासारखं वागायचो. "चहा घेणार का आपण?" वगैरे. एकदा त्यांचा ऑफिसात काहीतरी अपमान झाला, घरी कुणाला सांगेनात. रात्री गच्चीत वाळलेले कपडे काढताना मला सांगितलं. प्रेम म्हणावं तर त्यात काही नव्हतं, मी फक्त चिमटे काढत ऐकत होते. पण त्या दिवसापासून 'आपण' गेलं आणि 'तू' आलं. ललित प्रभाकर आणि प्राजक्ता माळीने ते अवघडलेपण चांगलं केलं होतं, एवढं मान्य.

गडबडगुंडा :
चिमटे काढत म्हणजे कपड्यांचे ना? मी दोनदा वाचलं.

निळी छत्री :
कपड्यांचे हो बाबा :))

ओसरीवरचा म्हातारा :
आमच्या वेळी हे काही नव्हते. दूरदर्शनवर तरुण मुलगा आणि मुलगी एकत्र दिसले की एक तर भाऊ-बहीण किंवा पुढच्या आठवड्यात साखरपुडा. असो. चालू द्या.

पडद्यामागे :
वाचत होतो, आता राहवत नाही. काही वर्षं दैनंदिन मालिकांसाठी संवाद लिहिले आहेत. कुठल्या ते विचारू नका.

बासरी आणि वाऱ्याचं कारण साधं आहे : पैसा आणि वेळ. एक भाग बावीसेक मिनिटांचा, आणि तो रोज द्यायचा. प्रेमाच्या प्रसंगाला दोन नट आणि चार वाक्यं पुरतात. बाकी डोळे, संथ गती, शीर्षकगीताची ओळ, मग घरातल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एकेकदा कॅमेरा. तीन मिनिटं निघाली. मैत्रीचा प्रसंग असा ताणता येत नाही. त्यात बोलावं लागतं, विनोद लागतो, आणि तो विनोद त्या पात्रालाच शोभेल असा लागतो. शिवाय चार-पाच जण एकाच दिवशी सेटवर हवेत, एकाची नाटकाची तारीख, दुसऱ्याचा दौरा. दिग्दर्शक म्हणतो, दोघांतच उरक.

दुसरं म्हणजे नायकाची मैत्रीण. तिला दोनच रस्ते : प्रेमात पड, नाहीतर खलनायिका हो. एकदा मी अशी मैत्रीण लिहिली की जी नायकाच्या लग्नात वरमाईपेक्षा जास्त राबते आणि जेवून घरी जाते. बैठकीत विचारलं गेलं, "पण तिला मिळतं काय?" म्हटलं, जेवण. कुणी हसलं नाही. पुढच्या गुरुवारी रेटिंगचे आकडे आले, आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात तिच्या हातात विषाची बाटली होती.

रव्याचा लाडू :
विषाची बाटली 😂😂 ओळखली मी ही मालिका!

पडद्यामागे :
नाही ओळखली. सगळ्यांतच असते ती बाटली.

खिडकीवेल :
"तिला मिळतं काय" हे माझ्या लोकल-मित्राच्या आईनेही विचारलं होतं जवळजवळ.

बर्फातली भाकरी :
कॅनडातून. इकडे लेकीने कोरियन मालिकांचं वेड लावलंय. 'रिप्लाय १९८८' बघा कुणी बघितली नसेल तर. सोलमधली सांगमुन-दोंग नावाची गल्ली, पाच पोरं लहानपणापासून एकत्र वाढलेली. पहिल्याच भागात संध्याकाळी प्रत्येक आई पोराच्या हातात वाटी देऊन शेजारी पाठवते, तिकडून दुसरी वाटी येते, आणि सगळी पोरं वाट्या घेऊन गल्लीत एकमेकांना आडवी जातात. मी रडले. आमच्या डोंबिवलीच्या चाळीत हेच होतं, रिकामी वाटी परत द्यायची नाही.

आता प्रेमाचं. पाचांतली एकटी मुलगी डोक-सन, पुढे तिचा नवरा कोण हे मालिका शेवटाकडे जाईपर्यंत सांगत नाहीत. जंग-ह्वान की तेक? लेक तेकच्या बाजूने, मी जंग-ह्वानच्या. तो बिचारा गर्दीच्या बसमध्ये तिला धक्का लागू नये म्हणून हात रोवून उभा राहतो आणि तोंडाने चकार शब्द नाही. एकदा धावत निघतो तर प्रत्येक सिग्नल लाल, आणि पोचेपर्यंत तेक तिथे हजर. नंतर सगळ्यांसमोर मनातलं सगळं सांगून टाकतो आणि वर म्हणतो, गंमत केली. लेक म्हणाली, "आई, न बोलणारा हिरो तुमच्या पिढीला आवडतो." मग गप्पच बसले. तिचे बाबा न बोलणारेच आहेत.

मला विशेष हे वाटलं, की दोघं एकाच मुलीवर प्रेम करतात आणि तरी तेकच्या खोलीत रात्री सगळे एकत्र पसरून टीव्ही बघतात. आपल्याकडे असतं तर एकाने दुसऱ्याची गाडी दरीत ढकलली असती.

पडद्यामागे :
गाडी परवडत नाही. जिना.

गडबडगुंडा :
मी मेलो हसून. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या तेच विसरलो.

वऱ्हाडी ठेचा :
बावा, कोणी 'हिप हिप हुर्रे' चं नाव नाही घेत का? १९९८, झी टीव्ही. डिनोबिली स्कूल! पूरब कोहलीचा मझहर! आमच्या अकोल्यात लाइट जायची नेमकी त्याच टायमाले. मंग दुसऱ्या दिवशी शाळेत जिच्याकडं इन्व्हर्टर होता तिले विचारा लागे का काय झालं. ते पोरगी पुरा भाग आवाज काढून सांगे. आम्ही तिच्या मांगं मांगं फिरो, तर सायन्सच्या मॅडमनं आमच्या घरी कळवलं का तुमचा पोरगा पोरीच्या मांगं फिरते! म्या बापाले सांगतो का मझहरसाठी फिरतो, त्यायले वाटे मझहर कोन हाय आता!

मोगरा_ठाणे :
मग तिच्याशी लग्न केलं का? सांगा सांगा.

वऱ्हाडी ठेचा :
नाही जी. तिच्या लग्नात पंगतीत वाढप्या होतो. पडद्यामागेभाऊंच्या मैत्रिणीवानी. जेवलो अन् घरी आलो.

पडद्यामागे :
धन्यवाद. हे त्या बैठकीत दाखवायला हवं होतं.

अर्धाकप :
मी 'दिल मिल गए' वाली. २००७, स्टार वन. बारावीचं वर्ष आणि मालिकेतलं संजीवनी हॉस्पिटल. करण सिंग ग्रोव्हरचा अरमान बघून मी मेडिकलला जायचं ठरवलं, खरं सांगते. गेले. एमबीबीएसच्या इंटर्नशिपमध्ये कळलं की रात्री दोन वाजता वॉर्डात कुणाचेही केस उडत नाहीत, केसांना तेल असतं आणि पायाला सूज. कुणी कुणाच्या डोळ्यांत बघत नाही, सगळे बेड कुठे रिकामा आहे ते बघतात.

पण एक खरं होतं त्यात. इंटर्न्सचं एकमेकांना झाकणं. माझ्या सोबतच्या मुलीने कितीदा माझ्या वाटचं रक्त काढलं (पेशंटचं!) जेणेकरून मी वीस मिनिटं झोपेन. मालिकेत ते मागे कुठेतरी चालायचं आणि पुढे अरमान-रिद्धिमाचं भांडण. रिद्धिमा तिघींनी केली, शिल्पा आनंद, सुकीर्ती कांडपाल, जेनिफर विंगेट, आणि अरमानचं प्रेम तसंच चालू! तिथेच मला कळायला हवं होतं. मैत्रिणीचा चेहरा बदलला असता तर आम्ही बायका चॅनेलवर मोर्चा घेऊन गेलो असतो.

निळी छत्री :
हा शेवटचा मुद्दा भारी. प्रेमात नटी बदलली तरी बासरी तीच ठेवली की काम भागतं.

ओसरीवरचा म्हातारा :
डॉक्टरीणबाई, पायाच्या सुजेला काय करावे? संध्याकाळी वाढते.

अर्धाकप :
काका, इथे नको, आधी बीपी आणि लघवी तपासून घ्या आणि जवळच्या डॉक्टरांना दाखवा. मीठ कमी. लोणचं बंद.

ओसरीवरचा म्हातारा :
लोणचं सोडून बाकी सर्व मान्य.

फुलपुडी :
मी इथली सगळ्यात लहान बहुतेक. आमच्या कॉलेजात 'फुलपाखरू' होतं, मानस आणि वैदेही. वैदेही झालेल्या हृता दुर्गुळेसारखे कानातले आख्ख्या वर्गात. मानसच्या कविता मुली वहीत उतरवायच्या. आता बघितलं तर कळतं की तो कविता करत असताना वैदेही लेक्चर बुडवत होती :( माझ्या बेस्ट फ्रेंडने तेव्हा मला स्पष्ट सांगितलं होतं, तुझा मानस अटेंडन्स देणार नाहीये, चल वर्गात. तिच्यामुळे पास झाले. तिच्यावर कुणी मालिका काढत नाही.

खिडकीवेल :
भाचीला धागा वाचून दाखवतेय. तिचा प्रश्न, पडद्यामागेकाका, एवढं कळतं तर तुम्हीच का लिहीत नाही मैत्रीची मालिका?

पडद्यामागे :
'काका' वाचून थोडा वेळ पाणी प्यायला गेलो होतो. लिहून ठेवली आहे. चाळीस भाग. प्रत्येकजण वाचून विचारतो, "छान आहे, पण यातलं कोण कुणाशी लग्न करणार?"

रव्याचा लाडू :
खिडकीवेल, तुझ्या काकू चॅनेलमध्ये लागल्यात बहुतेक.

मोगरा_ठाणे :
@सातारी, विपू मिळाली, धन्यवाद. एक किलो पुरेल का चौघांना?

सातारी कंदी :
ताई, आमच्यात एका मानसाला पुरत न्हाई.