आई-बाबांना समुद्र दाखवायचा आहे, जळगावकडून जाता येईल असं पायी फिरायचं गाव सुचवा

चोपड्याची_लेक:
नमस्कार मंडळी, सल्ला पाहिजे होता. आमच्या आई-बाबांनी जन्मभर कपाशी आणि केळीच बघितली, समुद्र फक्त टीव्हीवर. डिसेंबरमध्ये दोघांना घेऊन जायचा विचार करून राहिलो. आईचे गुडघे दुखतात पण सपाटीवर हळूहळू तासभर चालते, घाटात तिला गाडी लागते म्हणून कोकण नकोच वाटतंय. बाबांना जुने किल्ले, देवळं बघायची फार हौस. बोटिंग, स्कूटर वगैरे काही नको, फक्त समुद्राच्या कडेने गावातून निवांत फिरता आलं पाहिजे. रेल्वेने जमेल असं कुठलं गाव आहे का?

शहादेकर:
ताई, डोळे झाकून दमण करा. आपली सुरत लाइन आहे ना, अमळनेर-नंदुरबारवरून, त्याच लाइनने खान्देश एक्सप्रेस सुरत-वलसाड करत मुंबईकडे जाते, फक्त रोज नसते म्हणून वार बघून तिकीट काढा. नाहीतर सुरतला उतरून दुसरी गाडी. वापी स्टेशनवरून दमण साधारण १२ किलोमीटर, रिक्षा-टॅक्सी मिळतात, घाट अजिबात नाही.

फिरायला सुरुवात नानी दमणच्या जेट्टीपासून करा. तिथेच सेंट जेरोमचा किल्ला आहे, दरवाजावर त्या संताचा पुतळा, समोर दमणगंगा आणि मच्छीमारांच्या बोटी. ही दमणगंगा आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या सह्याद्रीत उगम पावते, बाबांना जरूर सांगा. मग पूल ओलांडून मोटी दमणच्या किल्ल्यात जा, हा खरा बघण्यासारखा. पोर्तुगीज तिथे १५५९ पासून डिसेंबर १९६१ पर्यंत होते, आणि हा किल्ला ओसाड पडलेला नाही, आत सरकारी कचेऱ्या आहेत, लोक राहतात, मोठी झाडं, शांत रस्ते. बॉम जेझस चर्च १६०३ चं आहे, आतलं लाकडी कोरीवकाम बघून बाबा तिथून हलायचे नाहीत. पुढे दीपगृह, आणि तिथून समुद्राच्या कडेने जंपोरकडे जाता येतं, किनाऱ्याला सुरूची झाडं आहेत. आईला मात्र जंपोरपर्यंत चालवू नका, रिक्षा करा.

अमळनेरची_माहेरवाशीण:
दमण चांगलंच आहे पण शनिवार-रविवार अजिबात जाऊ नका, गुजरातमध्ये दारूबंदी असल्याने सुट्टीला तिकडची सगळी गर्दी दमणला येते आणि वयस्कर माणसांना तो गोंगाट सोसवत नाही. मंगळवार-बुधवार धरा. आईंसाठी देवका किनारा बरा, २०२३ मध्ये तिथे साडेपाच किलोमीटरच्या आसपास नवा सी-फ्रंट झालाय, सपाट फरशी, बसायला जागा, हवं तेवढं चाला आणि मागे फिरा. पाण्यात उतरायला देवका नाही चांगला, खडक आहेत. गाडीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी ठेवा.

तापीकाठ_भुसावळ:
एक गोष्ट कोणी सांगितली नाही आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची. तिकडे खंबातचं आखात जवळ असल्याने भरती-ओहोटीचा फरक फार मोठा असतो, ओहोटीला समुद्र इतका लांब जातो की समोर नुसता काळपट चिखल आणि वाळू. आपली माणसं पौर्णिमा धरून जातात, चांदण्यात समुद्र बघू म्हणून, आणि नेमकं पौर्णिमा-अमावस्येला भरती दुपारी येऊन जाते, सूर्य मावळताना पाणी दूर गेलेलं असतं. मुंबईकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ निघते, म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास. दमणला त्याहून उशिरा येते, रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. म्हणून पंचमी ते अष्टमी, शुद्ध असो की वद्य, असे दिवस निवडा, संध्याकाळी पाणी काठाला येतं. पक्की वेळ मोबाईलवर दमणचाच तक्ता उघडून बघा. आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघणाऱ्या माणसाला चिखल दाखवू नका हो.

रावेरकर:
जमलं तर परतीच्या वाटेवर नवसारीला उतरून दांडी करा. ६ एप्रिल १९३० ला गांधीजींनी मीठ उचललं ते हेच गाव, २०१९ मध्ये मोठं स्मारक झालंय, साबरमतीपासून चालत आलेल्यांचे पुतळे आहेत. जुन्या पिढीला हे दमणपेक्षाही भिडतं. किंवा वलसाडजवळ तीथल, तिथे समुद्राकाठीच स्वामीनारायण मंदिर आणि साईबाबा मंदिर, शाकाहारी जेवण सहज मिळतं.

चोपड्याची_लेक:
सगळ्यांचे मनापासून आभार! दमण दोन रात्री आणि येताना दांडी असं ठरवते, कॅलेंडर काढून तिथी बघतेच. बाबा शाळेत असल्यापासून दांडीयात्रेबद्दल सांगतात, त्यांना आधी कळवतच नाही. ओहोटीत आत चालत गेलं तर चालतं का, वाळूवर?

तापीकाठ_भुसावळ:
काठाजवळच्या घट्ट वाळूवर फिरा, पुढे चिखलात नको. पाय रुततो, आईंना काढणं अवघड होईल, आणि पाणी परत फिरलं की सपाटीवर भराभर येतं.