रूट कॅनाल अर्धवट आणि सर फक्त गुरुवारी: मधल्या दिवसांत विचारायचं कोणाला?

मंडळी, सल्ला हवा आहे. आई (वय ६८, डायबेटिस, रक्त पातळ करायची गोळी चालू) चिपळूणला एकटी असते, मी ठाण्यात. तिच्या खालच्या दाढेचं रूट कॅनाल चालू आहे. पहिल्या सिटिंगला नसा साफ केल्या, वर तात्पुरतं सिमेंट भरलं आणि "पुढच्या गुरुवारी या" म्हणून घरी पाठवलं.

शनिवारी रात्री दाढ ठणकायला लागली. क्लिनिकचा फोन बंद. शेजारच्या काकू मायेनं कॉम्बिफ्लाम घेऊन आल्या. त्यात आयब्युप्रोफेन असतं आणि रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर ते घेतलं तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. आईनं आधी मला विचारलं म्हणून निभावलं. रविवारी फोन लागला तर रिसेप्शनवरची मुलगी म्हणते, "सर गुरुवारीच येतात." रूट कॅनाल करणारे डॉक्टर व्हिजिटिंग आहेत, हे आम्हाला तेव्हा कळलं! क्लिनिकच्या मॅडमना फोन द्या म्हटलं, तर "ती केस सरांची आहे". फी घेतली क्लिनिकनं, फाइल क्लिनिकची, मग आई पेशंट कोणाची? माझा सगळा वैताग इथे आहे.

सोमवारी आई सरळ जाऊन बसली. मॅडमनी निळा कार्बन कागद दातांत धरून चावायला लावला, सिमेंटवर जिथे गडद ठिपका उमटला तिथे थोडं घासलं. निम्मी कळ तिथल्या तिथे गेली. सिमेंट जरा उंच राहतं कधीकधी, त्याबद्दल तक्रार नाही. रूट कॅनालनंतर दोन-तीन दिवस थोडं दुखतं हेही मान्य. पण "चावताना ती दाढ आधी टेकली तर लगेच या; सूज वाढली, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना तर अजिबात थांबू नका" एवढं सांगायला कितीसा वेळ लागतो?

रूट कॅनालनंतर दाढेवर बसवतात त्या कॅपचं तर विचारूच नका. तिचे पैसे वेगळे, हे दाढ उघडल्यावर सांगितलं. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली स्पष्ट म्हटलंय की संमती घेण्याआधी उपचार काय, पर्याय काय, धोके काय हे पेशंटला सांगायला हवं. आईची सही घेतली, समजावलं कोणी नाही.

डॉक्टर बदला असं लगेच सुचवू नका. उघडलेली दाढ दुसरे डॉक्टर सहज हातात घेत नाहीत, आणि मुंबई, नागपूर, संभाजीनगरची सरकारी दंत महाविद्यालयं आईला लांब पडतात. सरांचा हात चांगला आहे असं तिचंच म्हणणं आहे.

तर, या गुरुवारी मी सोबत जाणार आहे. सुट्टीच्या दिवशी दुखलं तर कोणाला फोन करायचा, हे फाइलवर लिहून मागावं का? तुमच्याकडे कोणी असं देतं का? एक्स-रेची कॉपी व्हॉट्सअॅपवर मागितली तर क्लिनिकवाले सहसा देतात का, की कुरकुरतात? आणि इथे कोणी डेंटिस्ट असतील तर प्रामाणिकपणे सांगा, व्हिजिटिंग डॉक्टरांचा नंबर थेट मागितलेला क्लिनिकच्या मालकांना खटकतो का? पुढची सिटिंग्ज त्यांच्याकडेच आहेत, म्हणून विचारतोय.